वऱ्हाडचा कोठा आणि मराठी चित्रपुस्तक

गेल्या काही वर्षांत यवतमाळ जिल्ह्यातील अंगणवाड्यांत आणि प्राथमिक शाळांच्या वाचनकोपऱ्यांत जाड, गुळगुळीत पानांची रंगीत चित्रपुस्तके येऊ लागली आहेत, आणि ज्या घरांत पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर एवढाच असे, त्या घरांतल्या मुलांच्या हाती ती पडावीत ही वस्तुतः आनंदाचीच बाब होय. परंतु त्यांतील शेतावरच्या जनावरांची म्हणून जी विनोदी पुस्तके आहेत ती राळेगाव आणि केळापूर या तालुक्यांतल्या मुलांच्या घोळक्यात बसून मी मोठ्याने वाचून पाहिली, आणि त्यानंतर जी अस्वस्थता मनात ठाण मांडून राहिली तिने हा लेख लिहावयास भाग पाडले. पुस्तक उघडावे तो लाल फळ्यांचे कोठार, त्याभोवती पांढरे कुंपण, हॅट घातलेला आणि खांद्यावर पट्टे असलेली विजार नेसलेला गुलाबी गालांचा शेतकरी, तळ्यात बदके, हिरवळीवर लोकरीची मेंढी आणि चिखलात लोळणारे गुलाबी डुक्कर. मजकूर मराठीत, चित्रांतला मुलूख मात्र सातासमुद्रापलीकडचा. मुले शहाण्यासारखी ऐकत होती, आणि विनोदी पुस्तकाच्या वाट्याला याहून वाईट पावती येऊ शकत नाही. फक्त एका मुलाने डुकरावर बोट ठेवून विचारले, “ह्यानं कोनाचं सोयाबीन खाल्लं?” त्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नव्हते. ज्या मुलाच्या बापाने रानडुकरांच्या भीतीने रात्रीमागून रात्री वावरात जागली केली आहे, त्याच्यासाठी डुक्कर हा कोण प्राणी आहे याची चौकशी ते पुस्तक तयार करणाऱ्यांपैकी कोणी केली नव्हती.

लहान मुलांसाठी प्रकट वाचावयाचे विनोदी चित्रपुस्तक हा बालसाहित्यातला किरकोळ प्रकार समजण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, आणि मूळ दोष तेथेच आहे. कवितेच्या खालोखाल, भाषेच्या ध्वनीवर सर्वस्वी विसंबून राहणारा असा दुसरा वाङ्मयप्रकार मला ठाऊक नाही. त्यात शब्द मोजके असतात, ते मोठ्या माणसाच्या तोंडून यावे लागतात, ऐकणाऱ्याला अक्षरओळख नसते, आणि हसू आले नाही तर पुस्तक मिटले जाते. अशा कठोर परीक्षेला बसणाऱ्या प्रकाराकडे समीक्षेने पाठ फिरवावी, आणि त्याचा सगळा मामला खरेदी करणाऱ्या समित्यांच्या दप्तरी जावा, हे मराठीसारख्या जुन्या भाषेला शोभणारे नाही.

जुन्या म्हणताना मी पोकळ अभिमानाने बोलत नाही. चक्रधरस्वामींनी सांगितलेली कावळ्या-चिमणीची गोष्ट म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्रात नोंदवून ठेवली. म्हणजे मराठी गद्याच्या आद्य ग्रंथात, आणि तोही आमच्या वऱ्हाडातील रिद्धपुरात सिद्ध झालेल्या ग्रंथात, शेणाच्या आणि मेणाच्या घरांची ती कथा विराजमान आहे. तिच्यात तात्पर्य शोधणाऱ्याने खुशाल शोधावे. परंतु सातशे वर्षे ती आयाआज्यांच्या जिभेवर टिकली ती तात्पर्यामुळे टिकली असे म्हणणे ज्याने ती एकदाही मुलाला सांगितली नाही त्यालाच शक्य आहे. तिचे सामर्थ्य बाहेर भिजणाऱ्या कावळ्याच्या हाकेत आणि दाराआडून येणाऱ्या चिमणीच्या एकामागून एक सबबींत आहे. पुढची सबब कोणती हे मुलाला ठाऊक असते, तरीही ती ऐकण्यासाठी ते श्वास रोखून बसते, आणि सांगणारी जितकी लांबण लावील तितके ते अधिक हसते.

याच्या उलट दुसरी एक परंपरा छापखान्याबरोबर आली. तंजावरच्या सरफोजी राजांच्या आश्रयाने १८०६ साली बालबोध मुक्तावली छापली गेली, आणि इसापाचे प्राणी मराठी बोलू लागले. मुलांसाठी छापलेल्या मराठी पुस्तकांचा ओनामा तो असा झाला. त्या उपक्रमाचे ऐतिहासिक मोल निर्विवाद आहे. पण त्या दिवसापासून मराठी कागदावरचा कोल्हा, करकोचा, गाढव आणि बैल हे नीतीच्या चाकरीत रुजू झाले ते आजतागायत सुटलेले नाहीत. विनायक कोंडदेव ओकांचे १८८१चे ‘बालबोध’, वासुदेव गोविंद आपट्यांचे १९०६चे ‘आनंद’, या थोर मासिकांनी मराठी मुलांना वाचते केले, त्यांचे ऋण कोणी नाकारू नये. मात्र उपदेशाचे जोखड प्राण्यांच्या मानेवरून उतरविणे हे काम त्यांच्या हातून व्हावयाचे नव्हते. ते व्हावयास १९६१ उजाडावे लागले.

त्या वर्षी विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ आली, आणि मराठी बालकवितेतला प्राणी प्रथमच स्वतःच्या हट्टांनी, स्वतःच्या खोड्यांनी बोलू लागला. पुढे ज्ञानपीठ मिळविणाऱ्या कवीने दहाहून अधिक बालकवितासंग्रह लिहावेत आणि त्यांत यत्किंचितही सवलतीची भाषा वापरू नये, ही घटना मराठीखेरीज फार थोड्या भाषांच्या नशिबी आली असेल. त्यांच्या ओळी मोठ्याने वाचताना जीभ आपोआप नाचते. मुलाला अर्थ कळण्याआधी खट्याळपणा कळतो. असे असूनही, त्या पुस्तकाच्या नावातच एक मर्यादा आहे आणि ती विंदांची नसून त्यांच्यामागून आलेल्यांची आहे. राणीची बाग मुंबईत आहे. तेथील प्राणी तिकीट काढून पाहावयाचे आहेत. ज्या प्राण्याच्या शेणाने आपले अंगण सारवले जाते, ज्याच्या आजारपणात घर जेवत नाही, जो विकला गेला की आई पदराने डोळे पुसते, तो प्राणी त्या पिंजऱ्यांच्या रांगेत असणे शक्यच नव्हते. विंदांनी दार उघडून दिले; त्यातून बाहेर पडून गुरांच्या कोठ्यापर्यंत चालत जाण्याचे काम पुढच्यांचे होते, आणि पुढचे त्या बागेतच फेऱ्या मारीत राहिले.

चित्रांच्या बाजूने पाहावे तर शि. द. फडणीस यांच्यासारखा निःशब्द विनोदाचा स्वामी आपल्याला लाभला. ‘मोहिनी’च्या त्या सुप्रसिद्ध मुखपृष्ठावर तरुणाच्या सदऱ्यावर मांजरे आणि तरुणीच्या पातळावर उंदीर काढून त्यांनी एका शब्दावाचून महाराष्ट्राला हसविले, आणि पुढे बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही तीच किमया आणली. माधुरी पुरंदरे यांचे कार्य तर याहूनही आमच्या विषयाच्या निकट आहे. ‘राधाचं घर’, ‘यश’ आणि ‘चित्रवाचन’ या पुस्तकांनी मराठी चित्रपुस्तकाला प्रौढत्व दिले. लेखणी आणि कुंचला एकाच हाती असल्यामुळे शब्दांनी काय सांगावे आणि चित्रांनी काय सांगावे याची वाटणी त्यांच्याइतक्या न्यायाने दुसऱ्या कोणी केली नाही, आणि ज्योत्स्ना प्रकाशनाने ती पुस्तके निष्ठेने काढली. २०१६ साली ‘पराग’चा बिग लिटल बुक पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा तो मराठीलाच मिळाल्याचा आनंद झाला. त्यांच्या मुलांचे घर आणि त्या घरातली बोली लेखिकेच्या रक्तात भिनलेली आहे, म्हणूनच ती पुस्तके खरी वाटतात. माझे म्हणणे एवढेच की हाच न्याय कोठ्याला आणि खळ्याला मिळावा.

बाकीच्यांचा समाचार थोडक्यात घेता येईल. पंचतंत्राच्या नव्यानव्या आवृत्त्या म्हणजे जुन्या तात्पर्याला नवा रंग. ‘चांदोबा’च्या चित्रांनी दोन पिढ्यांना मोहविले, पण त्यातले गाव कोणत्याच जिल्ह्यातले नव्हते. बटण दाबताच गाय हंबरणारी पुस्तके ही खेळणी आहेत. आणि स्वच्छता, पाणीबचत, वृक्षारोपण यांची शिकवण बकरीच्या तोंडी घालणारी शासकीय पुस्तिका हा वाङ्मयाचा प्रकारच नव्हे.

परदेशी पुस्तकांवर माझा रोष आहे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. पॅट हचिन्स यांचे १९६८चे ‘रोझीज वॉक’ हे या प्रकारातले शिखर मी मानतो. यॉर्कशरच्या ग्रामीण भागात वाढलेल्या या चित्रकर्तीने रोझी नावाच्या कोंबडीला शेतघराभोवती फेरफटका मारावयास पाठविले. सबंध पुस्तकात अवघे बत्तीस शब्द आणि एकच वाक्य. ते वाक्य कोंबडी कुठून कुठे गेली एवढेच सांगते. तिच्या मागे पानोपानी एक कोल्हा लागला आहे, तो झडप घालतो, दरवेळी त्याची फजिती होते, आणि त्या कोल्ह्याचा शब्दांत कोठेही उल्लेख नाही. वाचणारे मोठे माणूस गंभीरपणे कोंबडीचा मार्ग वाचीत जाते. अक्षरशून्य मूल चित्राकडे पाहून ओरडू लागते की मागे कोल्हा आहे! ज्याला वाचता येत नाही त्याला अधिक माहीत असावे आणि ज्याला वाचता येते त्याला कमी, ही सत्तेची उलथापालथ म्हणजेच या विनोदाचे मर्म होय. मार्टिन वॉडेल आणि हेलन ऑक्सनबरी यांच्या १९९१च्या ‘फार्मर डक’मध्ये तर अंथरुणात लोळणाऱ्या आळशी मालकाला बाकीचे प्राणी मिळून शेतावरून हाकलून देतात. या पुस्तकांतले प्राणी कोणालाही शहाणपण शिकवीत नाहीत. ते त्या त्या मुलखातल्या उकिरड्याचे, खुराड्याचे, कष्टाचे प्राणी आहेत. आपण त्यांच्या शेतातले कुंपण आणले, कोठार आणले, बदक आणले, आणि ज्या निर्भयतेने त्या लेखकांनी आपल्याच अंगणाकडे पाहिले ती तेवढी मागे ठेवून आलो.

वस्तुतः वाचणाऱ्याची गंभीर वाणी आणि ऐकणाऱ्याचे अनावर हसू यांची सांगड घालण्याची कला आमच्याकडे उपरी नाही. ती दर श्रावण अमावास्येला वऱ्हाडच्या गावोगाव भर आखरावर सादर होते. पोळ्याच्या सायंकाळी आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते, त्याखाली शिंगांना बेगड लावलेले, झुली पांघरलेले, घुंगरमाळा ल्यालेले बैल रांगेने उभे असतात, आदल्या दिवशीच्या खांदमळणीची हळद त्यांच्या खांद्यांवर अजून दिसत असते, आणि तोरण तुटण्यापूर्वी एखादा गडी पुढे होऊन झडती म्हणतो. झडतीचा आरंभ देवाच्या नावाने होतो, अखेर महादेवाच्या गजरात होते, आणि या दोन पवित्र टोकांच्या मधल्या जागेत सावकार, पाटील, तलाठी, कापसाचा भाव, सासू, सून, खुद्द बैल आणि बैलाचा धनी, कोणाचीही गय केली जात नाही. म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू नसते. तो स्तोत्र म्हणत असल्याच्या गांभीर्याने एकेक ओळ उंच नेतो, शेवटच्या शब्दावर ती धाडकन खाली टाकतो, आणि सारा गाव एका स्वरात गजर करतो. लगेच दुसऱ्या बाजूचा गडी त्याला उत्तर देतो.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. चाके लावलेले लाकडी नंदी दोरीने ओढीत पोरे घरोघर जातात, बोजारा मागतात, आणि आदल्या संध्याकाळी ऐकलेल्या झडत्या मोडक्यातोडक्या म्हणून दाखवितात. यमक चुकते, ओळ गळते, महादेवाचा गजर मात्र एकही मूल चुकवीत नाही. चार वर्षांच्या मुलासाठी प्रकटवाचनाचे पुस्तक कसे असावे याचे संपूर्ण शास्त्र मला या दोन दिवसांत दिसते. ओळ एका श्वासाची. मुलांनी कोठे ओरडावयाचे त्याची जागा ठरलेली. नेमके काय येणार याची अर्धी माहिती आधीच दिलेली. आणि वाणीतल्या गांभीर्याचा आतल्या मजकुराशी उघड विरोध. हे सर्व ज्या प्रदेशात मुलांच्या कानांवर वर्षानुवर्षे पडते त्या प्रदेशात छापील विनोदी पुस्तक वाचताना मुले गप्प बसतात, याचा दोष मुलांकडे जात नाही.

असे एक पुस्तक मी पुष्कळदा डोळ्यांसमोर आणतो. एक काळी कोंबडी अंडी घालण्यासाठी जागा शोधीत निघाली आहे. गव्हाणीतल्या कुटारात बसते, तो बैल नाकाने अशी फुंकर घालतो की तिच्यासकट कुटार उडते. बाजेखाली बसते, तो आजोबांचा हात वहाण चाचपत येतो. बंडीच्या जुवाखाली बसते, तेथे बकरीचे पिल्लू आधीच निजलेले आहे. वाचणारी बाई प्रत्येक पानावर एवढेच म्हणते की कोंबडी जागा पाहून राह्यली. अखेर ती घरातल्या आतल्या खोलीत शिरते, जेथे वेचणीचा कापूस छतापर्यंत रचलेला आहे, आणि त्या शुभ्र ढिगाच्या पार आत जाऊन बसते. आता मजकूर कोंबडीला सोडून देतो. यापुढे तो केवळ बापाविषयी आहे: आज भाव पडला, बाबा थांबले, उद्या वाढेल, बाबा थांबले, व्यापारी आला, बाबांनी मान हलविली, आईने विचारले, बाबा थांबले. चित्रांत मात्र पानोपानी ढिगातून कोंबडीचा एक डोळा दिसतो, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दिवस सरत जातात. अंड्यातून पिल्लू बाहेर यावयास एकवीस दिवस लागतात हे आमच्याकडच्या कोणत्या मुलाला ठाऊक नाही? एकविसाव्या दिवशी भाव वाढतो, बंडी भरली जाते, जिनिंगच्या फाटकापुढे रांग लागते, कापूस काट्यावर चढतो, आणि वजनाचा आकडा वाचणाऱ्या कारकुनाच्या नाकासमोर ढिगातून एक पिवळी चोच वर येते. हे सगळे वाचणाऱ्याच्या आधी मुलाला माहीत असते. त्या खोलीतल्या कापसावर उड्या मारल्याबद्दल ज्यांनी मार खाल्ला आहे अशी हजारो मुले या जिल्ह्यात आहेत. भाव येईपर्यंत घरात कापूस का पडून राहतो आणि त्या दिवसांत बाबा का चिडतात हेही त्यांना कळते. माझ्या या कथेपेक्षा सरस कथा रचणारे लेखक आहेत. ती छापण्यास धजणारा प्रकाशक मला हवा आहे.

प्रकाशक का धजत नाही, याचे पहिले कारण भाषा. ‘पाहून राह्यली’ हे क्रियापद संपादकाच्या मेजावरून ‘शोधत होती’ होऊन परत येते. वऱ्हाडी लेखकाला प्रौढ वाङ्मयात ही मुभा केव्हाच मिळाली आहे. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली, पुरुषोत्तम बोरकरांच्या ‘मेड इन इंडिया’ने १९८७ साली वऱ्हाडी विनोदाची ताकद साऱ्या महाराष्ट्रापुढे ठेवली, आणि आमच्या यवतमाळच्या शंकर बडे यांनी ‘अस्सा वऱ्हाडी माणूस’ हा प्रयोग करीत सभागृहे हसवून सोडली. मोठ्यांना जी बोली हसविते ती लहानांच्या पुस्तकात अशुद्ध कशी ठरते? लहान मुलाने प्रमाणभाषा शिकावी म्हणून पुस्तक प्रमाणभाषेत हवे, असा यावर युक्तिवाद करतात. प्रमाणभाषा अवश्य शिकवावी. तिच्यासाठी पाठ्यपुस्तक आहे, शिक्षक आहेत, पुढची दहा वर्षे आहेत. परंतु ज्या पुस्तकाचे प्रयोजनच मूल हसावे हे आहे, ते मुलाच्या घरी ज्या स्वरात हसले जाते त्या स्वरात नसेल तर ते कशासाठी आहे? अंगणवाडीतल्या ताई स्वतः वऱ्हाडी बोलतात. ते पुस्तक हाती घेताच त्यांचा आवाज परका होतो, अक्षर न् अक्षर जपून उच्चारले जाते, आणि विनोद तेथेच मरतो. झरी-जामणी आणि मारेगावच्या कोलाम पोडांवर, दिग्रस-पुसदच्या बंजारा तांड्यांवर तर याच्याही पुढची अडचण आहे, कारण तेथे वऱ्हाडीही दुसरीच भाषा होय. म्हणूनच शब्दांपेक्षा चित्रावर अधिक भार टाकणारे पुस्तक या जिल्ह्याला हवे, ज्याचे ते एकच वाक्य ताईंना कोलामीत, गोंडीत, गोरमाटीत सहज फिरविता येईल.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले. या दोन्ही गोष्टींचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. पण ज्या भूमीतल्या ग्रंथात कावळ्या-चिमणीची गोष्ट पहिल्याने लिहिली गेली, त्या भूमीतल्या अंगणवाडीत इंग्लंडातले बदक पोहत असेल, तर या सन्मानाचा लाभ सर्वांत लहान मराठी माणसाला पोचलेला नाही.

प्रकाशक धजत नाही याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे, आणि त्याविषयी बोलताना मला जपून बोलले पाहिजे. यवतमाळ हे नाव उच्चारले की महाराष्ट्राच्या मनात एकच विचार येतो: शेतकऱ्याची आत्महत्या. येथे १९७३ साली साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी ग. दि. माडगूळकर होते, ज्यांनी मराठी मुलांना मोराला नाचावयास लावणारे गाणे दिले. २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली ते पुन्हा भरले तेव्हा वैशाली येडे या शेतकरी आत्महत्येचे दुःख सोसलेल्या भगिनीच्या हस्ते उद्घाटन झाले, आणि ते सर्वथा उचित झाले. त्या दुःखाचा कोणी अव्हेर करू नये. परंतु त्या दुःखाखेरीज या जिल्ह्यात काही नाही, असे मानून जेव्हा लेखक येथील मुलाविषयी लिहितो, तेव्हा ते मूल कथेत केवळ पोरके, मुके, वयापूर्वी म्हातारे झालेले असे येते. येथे हसणारे मूल दाखविणे म्हणजे दुःखाचा उपमर्द, अशी एक अलिखित सनद साहित्यात रूढ झाली आहे. ती मला मान्य नाही. ज्या घरातून माणूस गेले त्या घरातही वासरू कासऱ्यात पाय अडकवून पडते, कोंबडा पाहुण्याच्या पिशवीवर चढतो, आणि लेकरू हसते. त्या हसण्याने त्याच्या आईला पुढचा दिवस काढता येतो. राळेगाव-केळापूरच्या सीमेवर २०१८च्या नोव्हेंबरात बोराटीच्या जंगलात वाघीण मारली जाईपर्यंत कित्येक गावांतल्या मुलांना सूर्य मावळल्यावर अंगणात यावयास बंदी होती. रोझीच्या मागे चित्रातला कोल्हा होता. आमच्या गुरांमागे खरी वाघीण होती. भय इतके जवळ राहते तेथे विनोदी पुस्तक ही चैन आहे असे म्हणणाऱ्याने त्या दिवसांत एखाद्या घरात दिवेलागणीनंतर मुलांना गोष्ट सांगून पाहावयास हवी होती.

बैलच उरले नाहीत, ट्रॅक्टर आले, आता कोठ्याची पुस्तके कशाला, असेही मला विचारले गेले आहे. बैल कमी झाले, हे खरे. परंतु बकरी आणि कोंबडी भूमिहीनाच्याही दारात आहेत, म्हैस गहाण पडते आणि सुटते, आणि ज्या घरचा बैल विकला गेला त्या घरचे पोर तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन निघतेच. शिवाय ज्या शहरी मुलाने कोठा पाहिला नाही त्याला तो दाखविण्याचे पुस्तकावाचून दुसरे साधन कोणते? कोकणातला, देशावरचा, खानदेशातला कोठाही असाच आपल्या चित्रकाराची वाट पाहतो आहे. मी यवतमाळचा म्हणून यवतमाळचे बोलतो.

१९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढणाऱ्या ताराबाई मोडक यांचा काही काळ अमरावतीत गेला होता. पुढे त्यांनी आणि अनुताई वाघांनी कोसबाडला पाहिले की गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तेव्हा त्यांनी मुलांना बोल लावला नाही. शाळाच कुरणात नेली, आणि तिला कुरणशाळा म्हटले. एवढे सरळ उदाहरण डोळ्यांसमोर असताना आमचे चित्रपुस्तक अजून मुलानेच आपल्यापर्यंत यावे असा हट्ट धरून बसले आहे.

म्हणून माझी विनंती तीन ठिकाणी आहे. या जिल्ह्यातल्या शिक्षकांनी आणि अंगणवाडी सेविकांनी येत्या पोळ्याला आपापल्या गावच्या झडत्या, मुलांनी मोडून म्हटलेल्या झडत्यांसह, वहीत उतरवून घ्याव्यात. पुण्यामुंबईच्या चित्रकारांनी त्या वह्या मागवाव्यात, आणि शक्य तर वेचणीच्या दिवसांत येथे येऊन राहावे. कापसाची खोली बाहेरून काढता येत नाही. आणि जे अधिकारी व विश्वस्त मुलांसाठी पुस्तके खरेदी करतात त्यांनी मंजुरीच्या कागदावर सही करण्यापूर्वी ते पुस्तक चार वर्षांच्या पाच-दहा मुलांपुढे स्वतः मोठ्याने वाचावे, आणि मुले हसली नाहीत तर ते परत पाठवावे.